झेंड्यांच्या याद्या आणि विमानातले सात जण

दुसऱ्या महायुद्धातली ४६० क्रमांकाची बॉम्बर स्क्वाड्रन ऑस्ट्रेलियाची म्हणून ओळखली जाते, आणि ती ओळख खोटी नाही. १५ नोव्हेंबर १९४१ रोजी इंग्लंडमधल्या मोल्सवर्थ तळावर ती उभी राहिली. मे १९४३ पासून युद्ध संपेपर्यंत लिंकनशायरमधल्या बिनब्रुक तळावरून तिची चार इंजिनांची लँकेस्टर विमाने रात्रीमागून रात्री जर्मनीवर जात राहिली. ‘जी फॉर जॉर्ज’ हे तिचे ९० मोहिमा केलेले विमान आज कॅनबेराच्या युद्धस्मारकात ठेवलेले आहे, आणि ऑस्ट्रेलियातली शाळकरी मुले ते आपल्या देशाचा ठेवा म्हणून पाहतात. या स्क्वाड्रनची मृतांची यादी मात्र वेगळी गोष्ट सांगते. तिने १,०१८ माणसे गमावली, त्यांतली ५८९ ऑस्ट्रेलियन होती. म्हणजे ऑस्ट्रेलियन म्हणवणाऱ्या स्क्वाड्रनमध्ये मेलेल्या दर पाच जणांमागे दोघे ऑस्ट्रेलियाचे नव्हते. बहुतेक ब्रिटिश होते. उलट बाजूनेही हेच दिसते. युद्धात कामी आलेले कितीतरी ऑस्ट्रेलियन, कॅनेडियन आणि न्यूझीलंडर ज्या स्क्वाड्रनांत मेले त्यांच्या नावात त्यांच्या देशाचा मागमूसही नव्हता. राष्ट्रकुलातल्या या हवाई सैनिकांचा इतिहास आजवर प्रामुख्याने दोन पद्धतींनी सांगितला गेला. एक पद्धत देशवार आहे: कॅनडाचे इतके, ऑस्ट्रेलियाचे इतके, न्यूझीलंडचे इतके. दुसरी साम्राज्याच्या कुटुंबाची: मातृभूमीच्या हाकेला धावून आलेली लेकरे. माझे म्हणणे असे की या दोन्ही पद्धतींनी मूळ वस्तुस्थिती झाकली जाते. बॉम्बर युद्धातली खरी तुकडी एका विमानातल्या सात माणसांची होती, आणि ती सात माणसे एकत्र आली ती देशप्रेमाने किंवा साम्राज्यनिष्ठेने नव्हे, तर प्रशिक्षणाच्या एका प्रचंड यंत्रणेच्या गरजेने.

ही यंत्रणा १७ डिसेंबर १९३९ रोजी ओटावा इथे झालेल्या कराराने जन्माला आली. ब्रिटनचे आकाश शत्रूच्या टप्प्यात होते, हवामान बेभरवशाचे होते आणि प्रशिक्षणाला मोकळी जागा नव्हती. कॅनडाकडे जागा होती, इंधन होते, आणि शेजारी अमेरिकेचे कारखाने होते. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी मिळून ठरवले की हवाई सैनिकांचे प्रशिक्षण कॅनडात एका साच्यात व्हावे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये प्राथमिक टप्पे पार पाडून पुढचे कॅनडात यावेत. युद्ध संपेपर्यंत कॅनडातल्या या शाळांतून १ लाख ३१ हजारांहून अधिक वैमानिक, नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारे, वायरलेस ऑपरेटर आणि गनर बाहेर पडले. कराराच्या वाटाघाटींत सर्वांत जास्त ओढाताण झाली ती पंधराव्या कलमावर. आपली मुले ब्रिटिश हवाई दलात विरघळून जाऊ नयेत, त्यांच्या स्वतंत्र स्क्वाड्रन असाव्यात, असा या स्वायत्त देशांचा आग्रह होता. पहिल्या महायुद्धात कॅनडाचे हजारो तरुण ब्रिटिश हवाई दलात लढले, पण कॅनडाचे म्हणून त्यांचे काही नोंदले गेले नाही, ही सल ताजी होती. त्या आग्रहातून ४६० सारख्या स्क्वाड्रन निघाल्या. पण माणसे पाठवायची कुठे हे ठरवणारी कार्यालये ब्रिटिश होती, आणि ती तळावर आज कुठली जागा रिकामी झाली आहे ते पाहून माणूस धाडत. कागदावर राष्ट्रीय स्क्वाड्रन वाढत गेल्या, तरी परदेशातून आलेल्यांपैकी मोठा भाग अखेरपर्यंत ब्रिटिश स्क्वाड्रनांतच राहिला. राजकारण्यांनी जे मिळवले ते नेमणुकीच्या टेबलावर रोज थोडे थोडे निसटत होते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे क्रू जमवण्याची रीत. सगळे काही हुकमाने चालणाऱ्या लष्करात ही एक गोष्ट जाणूनबुजून माणसांवर सोपवलेली होती. प्रशिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यावर वैमानिक, नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारे, वायरलेस ऑपरेटर आणि गनर यांना बेताच्या संख्येने एका हँगरमध्ये आणून सोडत आणि सांगत की आपापले क्रू तुम्हीच जमवा. कोणी चेहरा पाहून विचारी, कोणी आदल्या रात्रीच्या गप्पांवरून, कोणी दुसऱ्याच्या वहीतले गुण ऐकून. कॅनडातल्या सस्कॅचवानच्या मैदानातला शेतकऱ्याचा मुलगा, ग्लासगोच्या गोदीतला कामगार, सिडनीचा बँक कारकून आणि ऑकलंडचा शिक्षक असे लोक दुपारपर्यंत एकमेकांचे होऊन बाहेर पडत. पुढे मोठ्या विमानांवर हात बसवण्याच्या तळावर त्यांना आणखी एक गनर आणि फ्लाइट इंजिनिअर मिळे. १९४२ मध्ये बॉम्बर विमानातला दुसरा वैमानिक काढून टाकण्यात आला आणि त्याच्या जागी हा इंजिनिअर आला. कॅनडातल्या योजनेत इंजिनिअर घडवण्याची सोय बराच काळ नव्हती. ते प्रामुख्याने वेल्समधल्या सेंट अथान इथल्या ब्रिटिश शाळेतून येत. त्यामुळे पूर्ण ऑस्ट्रेलियन किंवा पूर्ण न्यूझीलंडर क्रू ही गोष्ट रचनेतच अवघड होती. ४६० च्या यादीतले ते चारशेहून अधिक परके मृत्यू समजून घ्यायचे तर इथे पाहावे लागते. आणि हुद्द्याचे गणितही या सात जणांत उलटेपालटे होई. विमानाचा कप्तान वैमानिक; तो सार्जंट असला आणि त्याचा नॅव्हिगेटर अधिकारी असला तरी हवेत हुकूम सार्जंटचाच. जमिनीवर उतरल्यावर मात्र एक अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये जाई, दुसरा सार्जंटांच्या. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या माणसाला ब्रिटिश माणसाहून पगारही जास्त असे. एवढे भेद असूनही क्रू टिकले, कारण विमानात त्या भेदांना जागा नव्हती. नॅव्हिगेटर चुकला तर सातही जण चुकत. मागच्या बुरुजातल्या गनरला डुलकी लागली तर सातही जण जळत.

जगण्याची शक्यता किती होती हे समजल्याशिवाय या बंधाचा अर्थ कळत नाही. एका क्रूला साधारणपणे तीस मोहिमांची पहिली फेरी पुरी करायची असे. दर मोहिमेत शंभरातली पाच विमाने परतली नाहीत, तर तीस मोहिमांनंतर शंभर क्रूंपैकी एकवीस उरतात. नुकसान चार टक्क्यांवर आले तरी उरतात एकोणतीस. १९४३ च्या हिवाळ्यात बर्लिनवर चाललेल्या मोहिमांत अनेक रात्री याच मापाच्या, कधी याहून वाईट होत्या. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडमध्ये सुमारे सव्वा लाख हवाई सैनिक लढले, त्यांतले ५५,५७३ मेले. कॅनडाच्या हवाई दलाचे ९,९१९, ऑस्ट्रेलियाचे चार हजारांहून अधिक, न्यूझीलंडचे सोळाशेहून अधिक. हे सारे हवेत उडायला स्वखुशीने पुढे आले होते. पण एकदा पुढे आल्यावर नकार देणाऱ्याच्या नोंदीवर ‘मनोधैर्याचा अभाव’ असा शिक्का बसे, आणि वीस मोहिमा करून कोसळलेल्या माणसालाही तो चुकत नसे. ही त्या यंत्रणेतली सर्वांत निर्दय गोष्ट होती असे मला वाटते. ज्यांना आज आपण मनावरचा आघात म्हणून उपचार देऊ, त्यांना तेव्हा भ्याड ठरवले गेले. साहजिकच माणूस उडत राहिला तो देशासाठी की साम्राज्यासाठी याचे उत्तर वारंवार एकच मिळते: उरलेल्या सहा जणांना सोडता येत नव्हते म्हणून.

७ जुलै १९४१ च्या रात्रीची एक घटना इथे पुरावा म्हणून घेण्यासारखी आहे. ७५ क्रमांकाची स्क्वाड्रन न्यूझीलंडची. त्या देशाने युद्धापूर्वी विकत घेतलेल्या ३० वेलिंग्टन विमानांसाठी इंग्लंडला आलेल्या माणसांतून ती घडली. म्युन्स्टरवरून परतताना तिच्या एका वेलिंग्टनवर जर्मन रात्र-लढाऊ विमानाने हल्ला केला आणि उजव्या इंजिनाजवळ पंखाने पेट घेतला. बावीस वर्षांचा दुसरा वैमानिक जेम्स वॉर्ड कमरेला दोर बांधून विमानाच्या टपावरून बाहेर पडला. कापडी आवरणाला लाथेने भोके पाडत, त्यांत हातपाय रोवत तो पंखावर सरकला आणि कॅनव्हासच्या आच्छादनाने आग दाबली. या पराक्रमासाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि न्यूझीलंडने त्याला आपला वीर मानले, ते योग्यच झाले. पण त्या विमानाचा कप्तान कॅनेडियन होता, वॉर्डचा दोर धरून बसलेला नॅव्हिगेटर न्यूझीलंडर होता, आणि बाकीच्यांत इंग्लिश व वेल्श माणसे होती. कप्तानाने विमान स्थिर ठेवले नसते, नॅव्हिगेटरने दोर सैल सोडला असता, तर त्या पराक्रमाची नोंदच उरली नसती. दहा आठवड्यांनी, १५ सप्टेंबरला, हॅम्बुर्गवर वॉर्ड मारला गेला.

बिनब्रुकच्या सर्वांत कठीण रात्रींपैकी एक २ डिसेंबर १९४३ ची. बर्लिनवर ४५८ विमाने निघाली, ४० परतली नाहीत. त्यांत ४६० ने पाठवलेल्या २५ पैकी पाच होती. त्या रात्री ४६० च्या दोन विमानांतून वार्ताहर गेले होते: सिडनीचा नॉर्मन स्टॉकटन आणि नॉर्वेचा कवी नुरडाल ग्रीग. दोघेही परतले नाहीत. ग्रीगचा देश जर्मनांच्या ताब्यात होता आणि तो निर्वासित सरकारच्या सैन्यात कॅप्टन होता. लोकांना जे लिहून सांगायचे ते स्वतः पाहिले पाहिजे, म्हणून तो त्या विमानात बसला. नॉर्वेच्या साहित्याच्या इतिहासात त्याचा मृत्यू नोंदला जातो, ऑस्ट्रेलियाच्या पत्रकारितेच्या इतिहासात स्टॉकटनचा, आणि स्क्वाड्रनच्या इतिहासात त्या क्रूंचा. तिन्ही इतिहास खरे आहेत. तरी ग्रीग ज्या विमानात मेला त्या विमानातल्या सगळ्यांची गोष्ट त्यांपैकी एकाही इतिहासात सबंध मावत नाही.

यावर पहिला आक्षेप राष्ट्रीय इतिहासकारांचा येईल, आणि तो हलका नाही. ते म्हणतील, ब्रिटिश लेखणीने दशकानुदशके या सर्वांना सरसकट ‘आरएएफची’, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाची, ‘पोरे’ म्हणून टाकले. आता कुठे आम्ही आमची नावे वेगळी काढली, तर तुम्ही ती पुन्हा एका ढिगात टाकता. कॅनडाने १ जानेवारी १९४३ पासून बॉम्बर कमांडमध्ये स्वतःच्या स्क्वाड्रनांचा सहावा ग्रुप उभा केला. सुरुवातीला त्याचे नुकसान भीषण होते, आणि पुढे एअर व्हाइस मार्शल मॅकइवन यांच्या कडक सरावाने तो सुधारला, ही कॅनडाच्या स्वतंत्र कर्तृत्वाची खरी कथा आहे. मला ती नाकारायची नाही. लहान लोकसंख्येच्या देशाला आपली माणसे मोजण्याचा हक्क आहे, कारण मोजणी झाल्याशिवाय घरच्या सरकारला जाब विचारता येत नाही. माझा आक्षेप मोजणीला नसून मोजून झाल्यावर तिथेच थांबण्याला आहे. सरकारला जाब विचारायला देशवार यादी हवी; ती माणसे कशी लढली आणि कशी मेली हे जाणायला विमानवार यादी हवी. दुसरी यादी नसेल तर पहिलीतून खोटा निष्कर्ष निघतो, की ऑस्ट्रेलियन हे ऑस्ट्रेलियनांसोबत लढले.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो आणि आपल्याला तो अधिक जवळचा वाटेल. मिश्र क्रूंचे एवढे गुणगान म्हणजे साम्राज्याच्या मोठ्या कुटुंबाचीच जुनी कथा नव्या कपड्यांत सांगणे नव्हे काय? याचे उत्तर स्क्वाड्रनांच्या नावांतच सापडते. ३५ व्या स्क्वाड्रनचे नाव मद्रास इलाख्यावरून, १४९ व्या स्क्वाड्रनचे ईस्ट इंडियावरून, १०२ व्याचे सिलोनवरून, २१८ व्याचे गोल्ड कोस्टवरून, ९७ व्याचे मलायातल्या वसाहतींवरून. मुंबईचे नाव स्पिटफायर उडवणाऱ्या दोन लढाऊ स्क्वाड्रनांना मिळाले. ही नावे देणग्यांची पावती होती. ज्या प्रांतांनी पैसा दिला त्यांना युद्धाबाबत कोणी विचारले नव्हते. कॅनडाने आपल्या संसदेत चर्चा करून १० सप्टेंबर १९३९ रोजी स्वतः युद्ध पुकारले. हिंदुस्थानच्या वतीने मात्र व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी ३ सप्टेंबरलाच एकट्याने घोषणा केली, आणि त्याच्या निषेधार्थ मुंबई इलाख्यातल्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळासह काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मद्रासचे नाव घेऊन हॅलिफॅक्स विमाने जर्मनीवर जात होती तेव्हा मद्रासच्या जनतेच्या प्रतिनिधींना त्या युद्धात मत नव्हते. याला कुटुंब म्हणता येत नाही. आणि कातडीचा रंगही होताच. शुद्ध युरोपीय वंशाचे नसलेल्यांना ब्रिटिश हवाई दलात कमिशन देण्यावरची बंदी ऑक्टोबर १९३९ मध्ये उठली, तीही युद्धापुरती. ब्रिटिश गयानाचा साय ग्रँट त्यानंतर भरती झाला आणि १०३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये लँकेस्टरचा नॅव्हिगेटर झाला. त्याचा वैमानिक कॅनडाचा होता. जून १९४३ मध्ये गेल्सेनकिर्शनवरून परतताना त्यांचे विमान हॉलंडवर पडले आणि तो कैद झाला. नाझी वृत्तपत्राने त्याचा फोटो ‘वंश सांगता येत नाही असा ब्रिटिश हवाई दलातला माणूस’ अशा ओळीसह छापला. युद्धानंतर तो लंडनमध्ये बॅरिस्टर झाला, पण वकिलीची वाट त्याला मोकळी मिळाली नाही; तो नट आणि गायक झाला. लँकेस्टरमधल्या नकाशाच्या टेबलावर सहा जणांचे प्राण ज्याच्या हिशेबावर सोडले होते, त्याच्यावर शांततेच्या काळात लंडनच्या वकिलांनी विश्वास टाकला नाही. म्हणून मी असे म्हणतो की विमानातली समता खरी होती आणि ती विमानापुरतीच होती. साम्राज्याने ती दिली नव्हती, आणि जमिनीवर ती टिकवायची साम्राज्याची इच्छाही नव्हती. सात जणांनी एकमेकांच्या गरजेतून जे निर्माण केले त्याचे श्रेय त्या सात जणांनाच द्यावे लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. या माणसांनी शहरे जाळली. १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाने शत्रूच्या नागरिकांचे, विशेषतः औद्योगिक कामगारांचे मनोबल हे बॉम्बहल्ल्यांचे लक्ष्य ठरवले. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गच्या अग्निवादळात तीस हजारांहून अधिक माणसे मेली. त्याच वर्षी मे महिन्यात ६१७ व्या स्क्वाड्रनने रूर भागातली धरणे फोडली. त्या मोहिमेतल्या १३३ जणांत ३० कॅनेडियन आणि १३ ऑस्ट्रेलियन होते, ५३ जण मेले. आणि खाली पुरात बुडालेल्या तेराशेच्या आसपास माणसांत निम्म्याहून अधिक परदेशी वेठबिगार आणि युद्धकैदी होते, म्हणजे हिटलरचेच बळी. विमानातल्या मैत्रीच्या कथेत हे सगळे विरून जाते, असे कोणी म्हणेल तर मी त्याला चूक म्हणणार नाही. पण इथेही देशवार हिशेब आपल्याला फसवतो. तो मृत्यूचा वाटा देशादेशांत वाटतो आणि निर्णयाचा वाटा कोणाकडे होता हे सांगत नाही. पुढे जाऊन लक्ष्यावर खुणा टाकणाऱ्या पाथफाइंडर दलाचा प्रमुख डॉन बेनेट क्वीन्सलंडचा होता, चौथ्या ग्रुपचा प्रमुख रॉडरिक कार न्यूझीलंडचा. मोठी पदे राष्ट्रकुलातल्या माणसांना मिळत होती. मात्र कोणत्या शहरावर का जायचे याचे धोरण लंडनमध्ये, आणि १९४३ पासून लंडन-वॉशिंग्टनच्या संयुक्त बैठकांत ठरे. ज्या देशांची मुले त्या विमानांत होती त्यांची मंत्रिमंडळे ते धोरण ठरवत नव्हती, आणि त्यांनी फारसे विचारलेही नाही. न विचारणे ही त्या सरकारांची जबाबदारी होती, आणि त्यांच्या इतिहासकारांनी ती अजून पुरेशी उचललेली नाही. बॉम्ब सोडणाऱ्या हातांची जबाबदारी शून्य होत नाही. पण वीस-बावीस वर्षांच्या सार्जंटला धोरणकर्त्याच्या जागी उभे करणे हा अन्याय आहे, आणि धोरणकर्त्याला त्या सार्जंटच्या शौर्यामागे लपू देणे हा त्याहून मोठा अन्याय आहे. क्रूकडे क्रू म्हणून पाहिले की या दोन जबाबदाऱ्या वेगळ्या करता येतात.

युद्धानंतर या माणसांचे काय करायचे हे विजेत्या सरकारांना कळले नाही. बॉम्बर कमांडसाठी स्वतंत्र पदक निघाले नाही. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये त्यांचे स्मारक उघडले ते २८ जून २०१२ रोजी. त्याच्या छपरासाठी बेल्जियममध्ये पडलेल्या कॅनेडियन हॅलिफॅक्सचे अॅल्युमिनियम वापरले गेले. मग २०१३ मध्ये ब्रिटनने त्यांच्यासाठी १९३९-४५ स्टार पदकाच्या फितीवर लावायची एक पट्टी मंजूर केली. त्याच वर्षी कॅनडाने स्वतःची वेगळी पट्टी काढली, ती कॅनडाच्या स्वयंसेवक पदकाच्या फितीवर लावायची. सत्तर वर्षे उशिराने आलेला हा सन्मानही एका विमानातल्या माणसांना एकत्र देता आला नाही. ही चूक अजून सुधारता येण्यासारखी आहे. विमानाचा क्रमांक, तारीख आणि त्यातली सातही नावे, देश कुठलाही असो, एका ओळीत आणणारी नोंद प्रत्येक राष्ट्रीय संग्रहालयाने आपल्या यादीशेजारी ठेवावी.